न फोडलेल्या गोळ्या

चुडामणची पोटरी पहिल्यांदा आवळली ती केळीच्या बागेत. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत तो रोज सकाळी चालत जायचा. बारा-पंधरा मिनिटांची वाट. त्या दिवशी निम्म्या वाटेत डाव्या पोटरीत कोणी दोरी पिळावी तसं झालं. तो थांबला, दोन मिनिटांत दुखणं गेलं. पुन्हा चालला, तर तेवढ्याच अंतरावर पुन्हा दुखायला लागलं. घरी त्याने कोणाला सांगितलं नाही. वाटेत थांबायची वेळ आली की एखाद्या झाडाजवळ उभा राहून घड निरखल्यासारखं करायचा. त्याचा मुलगा योगराज दोन महिने समजत होता की नानांचं बागेवर लक्ष वाढलंय.

शेवटी योगराजनेच त्याला गाडीत घालून जळगावला नेलं. यावल तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून तासाभराचा रस्ता. डॉक्टर महेक नावाच्या तरुण बाई होत्या, रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञ. त्यांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब वेगवेगळा मोजला. घोट्याचा जेमतेम निम्मा भरला.

"पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून चरबीने भरत आल्यात आणि कडक झाल्यात," त्या म्हणाल्या. "हे एका वर्षाचं काम नाही. वीस-तीस वर्षांचं खाणं आणि बिडी. आता बिडी बंद. तेल-तूप, मटण, शेव, फरसाण अगदी कमी. या दोन गोळ्या, एक चरबीची, एक रक्त पातळ ठेवायची, कायम घ्यायच्या. आणि रोज चालायचं. दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला."

चुडामणने बिडी त्याच दिवशी सोडली. दवाखान्याच्या पायरीवर खिशातला कट्टा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुन्हा कधी बिडीला हात लावला नाही. मनावर घेतलं की तो करायचा. पण खाणं ही त्याची खरी हौस होती. हिवाळ्यात बागेत भरताची पंगत घालायची तर ती त्यानेच. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी उखळीत कुटायची आणि वरून शेंगदाण्याचं तेल असं ओतायचं की भरताभोवती तळं साचलं पाहिजे. सोबत पुऱ्या. त्या वर्षी बायको लताबाई त्याच्या ताटात बिनतेलाची भाजी वाढायला लागली, आणि तो खालमानेने जेवायला लागला.

ज्योत्स्ना ही त्याची धाकटी बहीण. धुळ्याला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची. चुडामण बारावी सायन्सला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा नापास होऊन शेतीत आला. दहा वर्षांनी लहान असलेली बहीण बी.एस्सी. झाली तेव्हा त्याने गावभर पेढे वाटले होते. तेव्हापासून विज्ञानाची कुठलीही गोष्ट तो तिला विचारायचा. गाय पान्हा का चोरते, ग्रहणात पाणी खरंच बाधतं का, केळीवर अमुक औषध मारलं तर माती मरते का. फोन आला की सुरुवात ठरलेली, "मास्तरीणबाई, एक विचाराचं व्हतं." तिला माहीत नसलं तर ती पुस्तकात पाहून दुसऱ्या दिवशी सांगायची. तिने सांगितलं की विषय संपला. गावात कोणी वाद घातला की तो म्हणायचा, "मी नाही सांगत, सायन्सची मास्तरीण सांगते."

भावाच्या आजाराचं कळल्यावर ती घाबरली. त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत पुष्पाबाईंनी तिला गाठलं. पुष्पाबाई चित्रकला शिकवायच्या आणि कुठल्याशा कंपनीच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकायच्या. रविवारी देवपुरातल्या एका हॉलमध्ये कंपनीची सभा होती. ज्योत्स्ना नुसतं ऐकून घ्यायचं म्हणून गेली.

पडद्यावर रक्तवाहिनीचं चित्र होतं. चरबी नुसती असून भागत नाही, असं सांगणारा म्हणाला. ती गंजते, तिचं ऑक्सिडेशन होतं, तेव्हाच ती भिंतीला चिकटून थर होते. गंज थांबवा, थर थांबेल. ई जीवनसत्त्व, सी जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन. हे ज्योत्स्नाला पटलं, कारण यातलं ऑक्सिडेशन तिच्या धड्यातलंच होतं. वर्गात ती दरवर्षी फळाच्या फोडीला लिंबू लावून तो प्रयोग दाखवायची. बाकीचं तिने तपासलं नाही. वर्गात मुलांना ती सांगायची की जाहिरातीतलं वाक्य आणि पुरावा यात फरक करा. त्या रविवारी तिला स्वतःला तो फरक करावासा वाटला नाही. भावासाठी काहीतरी करता येईल, एवढंच तिला हवं होतं.

भाऊबीजेला ती तीन डब्या घेऊन माहेरी गेली. ओवाळून झाल्यावर तिने एक केळं मागवलं. त्याच्या चकत्या दोन बशांत ठेवल्या, एका बशीवर लिंबू पिळलं. तासाभराने सगळ्यांना बोलावलं. बिनलिंबाच्या चकत्या काळ्या पडल्या होत्या, लिंबाच्या पांढऱ्या होत्या.

चुडामण दोन्ही बशा हातात धरून बराच वेळ पाहत राहिला. आयुष्यभर केळी पिकवलेल्या माणसाला हे नवीन नव्हतं, पण अर्थ नवीन होता.

"म्हणजे माह्या नळ्या आतून अशा काळ्या पडून राहिल्या?"

"तसंच समज."

"आन या गोळ्या म्हणजे लिंबू."

"व्हय," ती म्हणाली. मग आठवण झाल्यासारखी तिने भर घातली, "डॉक्टरच्या गोळ्याही चालू ठेवजो."

पण बोलण्यातला जोर पहिल्या शब्दावर होता आणि चुडामणने तेवढाच उचलला.

नव्या गोळ्यांनी त्याला बरं वाटायला लागलं. निदान तो तसं सांगायचा. त्या घेऊन काही दुखत नव्हतं, पोटात जळजळ होत नव्हती, आणि त्या बहिणीने आणल्या होत्या. मार्गशीर्षात त्याने बागेत भरताची पंगत घातली. लताबाई हळूच म्हणाली, "तेल जरा हात राखून." तो हसला. "आते कशाले? आतून लिंबू लावेल आहे." शेजारच्या शेतातला भटू त्याच पंगतीला होता. भटूचं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, त्यावर तो डॉक्टरची गोळी घ्यायचा. चुडामणने त्याला केळ्याच्या चकत्यांची सगळी गोष्ट सांगितली आणि पुढच्या खेपेला ज्योत्स्नाकडून त्याच्यासाठीही तीन डब्या मागवून घेतल्या.

मार्च महिन्यात एका दुपारी फोन आला. ज्योत्स्नासमोर नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, संध्याकाळपर्यंत गुण द्यायचे होते.

"मास्तरीणबाई, एक विचाराचं व्हतं. ते डॉक्टरीणबाईची चरबीची गोळी घेतली की मांड्या ठणकतात. तुही गोळी तर चालूच आहे. दोन्ही कशाले घ्याच्या?"

डॉक्टरांना विचार, असं ती म्हणू शकली असती. एवढं एकच वाक्य होतं. तिच्या हातात लाल पेन होता आणि डोळे उत्तरपत्रिकेवर.

"तुह्या अंगाले जे मानवतं ते घे, भाऊ."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढे वर्षभर तिला या बोलण्याची आठवणही झाली नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या आखाजीला ती माहेरी गेली. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. लग्न झालेल्या बायका माहेरी येतात, झोके बांधतात, घराघरांत आमरस आणि पुरणाचे मांडे होतात. संध्याकाळी ती भावाबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत निघाली. चौथ्या घरापाशी चुडामण थांबला. कोणाच्या तरी म्हशीची चौकशी केली. पुढे सहा घरं गेल्यावर पुन्हा थांबला, आणि या वेळी चौकशीला कोणी नव्हतं.

"दुखतो का पाय?"

"वयानं दुखतो."

ओट्यावर बसून त्याने चपला काढल्या तेव्हा तिने पाहिलं, त्याच्या नडगीवरचे केस गेले होते आणि कातडी ताणल्यासारखी चकचकत होती. तिने सहज हात लावला. वैशाखाच्या उकाड्यात तो पाय गार होता.

"डॉक्टरीणबाईंकडे कधी गेला होतास?"

"जाऊन आलो ना मागं," तो म्हणाला आणि योगराजला हाक मारून केळीच्या भावाचं काहीतरी विचारायला लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी लताबाईने तिला फडताळातून वेलदोड्यांची डबी काढायला सांगितली. वरच्या कप्प्यात तिने पाठवलेल्या तीन डब्या ओळीने होत्या, झाकणं वापरून मळलेली. त्यांच्या मागे जळगावच्या दवाखान्याची कागदी पिशवी होती. तिने ती उघडली. आत गोळ्यांची पाकिटं होती, रबराने बांधलेली. एकही गोळी फोडलेली नव्हती. पिशवीवरची तारीख सव्वा वर्षापूर्वीची होती.

ज्योत्स्ना पिशवी हातात घेऊन उभी राहिली. तिला गेल्या वर्षीच्या मार्चमधला फोन आठवला, लाल पेनासकट. बाहेर पंगत बसली होती. चुडामण मधोमध बसून भाचेकंपनीला जुनी हकिकत सांगत होता आणि सगळे हसत होते. त्याच्या वाटीत आमरस होता, त्यावर तुपाचा जाड थर. त्याने मान वर केली तेव्हा ती दारातून त्याच्याकडे पाहत होती.

आता बोलावं तर सगळ्यांसमोर बोलावं लागेल. मग कोणीतरी विचारेल, गोळ्या बंद का केल्या, आणि तो म्हणेल, मास्तरीणबाईले विचारून. जेवणं झाल्यावर बोलू, असं तिने ठरवलं. जेवणं झाल्यावर तो झोपला. दुपारच्या एस.टी.ने तिला धुळ्याला परतायचं होतं. फोनवर बोलू, असं तिने ठरवलं. तिने पिशवी जिथे होती तिथे ठेवली आणि वेलदोडे लताबाईला नेऊन दिले.

फोनवर ती बोलली नाही. एकदा विषय काढला, पण त्याने नवीन रोपांचं सांगायला सुरुवात केली आणि तिने ते ऐकून घेतलं. खरं तर तिला बरंच वाटलं.

आषाढात चुडामणच्या डाव्या पायाच्या करंगळीला नव्या चपलेचा फोड आला. तो फुटला. हळद लावली, बरा होईना. आठ दिवसांनी करंगळी जांभळी झाली, मग काळी. रात्री वेदनेने त्याला झोप येईना. पाय खाटेखाली लोंबता ठेवला की थोडं बरं वाटायचं. योगराजने जळगावला नेलं तोवर काळेपणा पावलावर चढला होता.

ज्योत्स्ना शाळेतून तशीच एस.टी.त बसली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तिला काही दिसलं नाही. ती पोहोचली तेव्हा डॉक्टर महेक नुकत्याच शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. बंद पडलेली वाहिनी फुग्याने उघडायचा प्रयत्न त्यांनी केला होता. गुडघ्यापर्यंत रक्त पोहोचलं, पुढे नाही.

"पाऊल वाचणार नाही," त्या म्हणाल्या. "गुडघ्याखालून काढावं लागेल. लवकर काढलं तर गुडघा राहील, आणि गुडघा राहिला तर ते पुन्हा चालतील." मग त्यांनी लताबाईला विचारलं, "घरी काय काय औषधं चालू होती? सगळी दाखवा."

लताबाईने पिशवीतून तीन डब्या काढल्या आणि बाकावर ठेवल्या. डॉक्टरांनी एकेक वाचली.

"मी दिलेल्या गोळ्या?"

"त्या बंद होत्या," योगराज म्हणाला. "आम्हाला परवाच कळलं."

"आणि या कोणी दिल्या?"

लताबाई खाली पाहत म्हणाली, "घरातल्याच माणसानं."

"मी दिल्या," ज्योत्स्ना म्हणाली. "मी त्यांची बहीण. विज्ञान शिकवते."

डॉक्टर महेक तिला बोलल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"चरबी गंजते हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "त्यावरूनच लोकांना वाटलं की ही जीवनसत्त्वं दिली तर वाहिन्या वाचतील. मग हजारो माणसांना वर्षानुवर्षं गोळ्या देऊन पाहिलं. अर्ध्यांना खऱ्या, अर्ध्यांना नुसत्या पिठाच्या. फरक पडला नाही. भाजी-फळं खाणाऱ्यांच्या वाहिन्या चांगल्या राहतात, पण त्यातलं एक काढून डबीत भरलं तर ते काम होत नाही."

"मी केळ्यावर दाखवलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली.

"केळ्याबद्दल ते बरोबर आहे." डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा, नुकसान या डब्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. यांच्या भरवशावर जे सुटलं, त्याने केलं. मांड्या दुखत होत्या तर मला सांगायचं होतं. मी गोळी बदलून दिली असती."

दुसऱ्या दिवशी चुडामणचा पाय गुडघ्याखालून काढला.

चौथ्या दिवशी दुपारी लताबाई जेवायला गेली होती आणि ज्योत्स्ना खाटेजवळ एकटी होती. चुडामण जागा होता. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं, तिकडे दोघंही पाहत नव्हती.

"भाऊ, माह्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "फोनवर मी नीट ऐकलंच नव्हतं. आणि आखाजीला..."

"आखाजीले तू ती पिशवी पाहिली."

तिने मान हलवली.

"मी पाहिलं ना तुले पाहताना," तो म्हणाला. आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. "पंगतीतून फडताळ दिसतं. मले वाटलं, आते ही बोलणार. मी दिवसभर वाट पाहिली. दुपारी डोळे मिटून पडलो, पण झोपेल नव्हतो. मंग तू गाडीत बसली. मी म्हटलं, मास्तरीण गप आहे म्हणजे चालतं."

ज्योत्स्ना रडली. त्याने तिला रडू दिलं, थांब म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "माहंबी चुकलंच. मले जे आयकाचं व्हतं तेच मी तुले विचारत गेलो. भरीत सोडवत नव्हतं." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "भटू अजून त्याच गोळ्या खातो. मीच सांगेल आहे त्याले. तू जाऊन सांग. माह्यं नाव सांगून सांग."

ती दुसऱ्याच दिवशी गावाला गेली. भटू ओट्यावर पाणी पीत बसला होता. त्याने तिला खुर्ची दिली, चुडामणची तब्येत विचारली. तिने सगळं सांगितलं, फोन आणि पिशवीसकट. भटूने शांतपणे ऐकून घेतलं.

"अक्का, तव्हा तुमी केळं कापून दाखवलं म्हणे. तव्हा ते शास्त्र व्हतं, आन आते नाही?"

"तेव्हाही नव्हतं. मी तपासून न पाहता बोलले."

"मंग आते जे बोलता ते तपासलं?"

"म्हणून तर तुम्ही माझं ऐकू नका," ती म्हणाली. "योगराजबरोबर जळगावला चला. डॉक्टर सांगतील ते ऐका."

भटू लगेच हो म्हणाला नाही. त्याने उठून आतून त्याच्या तीन डब्या आणल्या, त्यातली एक अजून भरलेली होती. त्या खुर्चीजवळ ठेवून तो म्हणाला, "ह्या तर न्या." पुढच्या सोमवारी तो योगराजच्या गाडीत बसला. त्याची छाती तपासली, रक्त तपासलं, त्याने सोडलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. वेळेवर आला, एवढंच डॉक्टर म्हणाल्या.

धुळ्याला परतल्यावर तिने पुष्पाबाईंनाही सांगितलं. पुष्पाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाईट झालं हो. पण आमच्या कंपनीने कधी डॉक्टरांचं औषध बंद करा असं सांगितलं नाही." ते खरं होतं. तसं तिनेही कधी सांगितलं नव्हतं. नववीच्या धड्यात फोडीला लिंबू लावायचा प्रयोग ती अजून करते, कारण तो अभ्यासक्रमात आहे. पण आता तास संपायच्या आत मुलांना सांगते की बशीतल्या फळावर जे दिसलं ते माणसाच्या शरीरात तसंच होईल असं धरू नका, आणि का, ते सांगताना तिच्या भावाचं नाव येत नाही.

दिवाळीपर्यंत चुडामणला कृत्रिम पाय बसला. काठी घेऊन तो अंगणातून ओट्यापर्यंत येतो, डॉक्टरांच्या गोळ्या लताबाईसमोर घेतो, भरीत खातो तेही चमचाभर तेलाचं. तो ज्योत्स्नाला फोन करतो. पाऊसपाणी विचारतो, तिच्या मुलांचं विचारतो. मास्तरीणबाई म्हणत नाही, नावाने हाक मारतो. गाईचं, मातीचं, औषधाचं काही विचारायचं असलं तर योगराजला मोबाईलवर शोधायला सांगतो. तिला हे लताबाईकडून कळलं.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "चल, बाग पाहून येऊ." योगराजने गाडी बांधापर्यंत नेली आणि तो मजुरांकडे गेला. चुडामण उतरला नाही. दार उघडं ठेवून बसला. केळीची पानं वाऱ्याने फाटून हलत होती. मोटारीची खोली इथून दिसत नव्हती.

"तिथवर जाऊ का? मी धरते तुले," ती म्हणाली.

"नको. आज नको."

"मग मी पाहून येऊ? काय पाहायचं ते सांग."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "योगराज पाहतो," तो म्हणाला.

योगराज परत येईपर्यंत ती गाडीजवळ उभी राहिली.